आठ रेघा, तीन रंग: रास्ता ढंगाची काड्यांची माणसं कशी काढावीत

काड्यांची माणसं आपण सगळ्यांनीच काढलेली असतात. वहीचं शेवटचं पान, गणिताचा तास. एक गोल, एक उभी रेघ, दोन हात, दोन पाय, झालं. याच माणसाला लाल-पिवळी-हिरवी टोपी घातली आणि डोक्यातून चार नागमोडी रेघा सोडल्या की रास्ता, म्हणजे जमैकातल्या रास्ताफारी पंथाचा माणूस, तयार, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात कागदावर यायचं ते रंगीत टोपी घातलेलं बुजगावणं. चूक टोपीत नव्हती, उभं राहण्यात होती. म्हणून या लेखात टोपी बरीच उशिरा येईल.

दुसरी चूक भाचीच्या तक्त्यात झाली. शाळेत प्रत्येकाला एक देश दिला होता, तिच्या वाट्याला जमैका आला. मामा चित्रं काढतो, मग मामाच्या गळ्यात काम. मी हौसेने झेंडा रंगवला: लाल, पिवळा, हिरवा. तक्ता परत आला, झेंड्याशेजारी बाईंनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "लाल कुठून आला?" बाईंचं बरोबर होतं. ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झालेल्या जमैकाच्या झेंड्यात काळा, हिरवा आणि सोनेरी आहे; लाल नाहीच. आपल्याकडे जमैका म्हणजे सबिना पार्क आणि १९७१ सालच्या दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावा, एवढ्यावर ज्ञान थांबतं, त्याचा हा परिणाम.

रंग कुठून आले

ते तीन रंग इथिओपियाच्या झेंड्यातले. २ नोव्हेंबर १९३० रोजी अदिस अबाबामध्ये रास तफारी मकोनेन यांचा राज्याभिषेक झाला आणि ते सम्राट हेले सेलासी झाले. तेव्हा जमैकावर ब्रिटिशांचं राज्य होतं, आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे हलाखीत दिवस काढत होती. आफ्रिकेत एक काळा राजा तख्तावर बसला, या बातमीचा अर्थ त्यांच्यातल्या काहींनी बायबलमधून लावला. लेनर्ड हॉवेल यांच्यासारख्या प्रचारकांनी तो लोकांपर्यंत नेला. राजाच्या आधीच्या नावावरून पंथाचं नाव पडलं रास्ताफारी. जमैकातलेच कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या चळवळीने १९२० साली लाल-काळा-हिरवा झेंडा स्वीकारला होता, तिथून काळाही या रंगांत येऊन बसला.

जाता जाता एक गंमत. हे हॉवेल स्वतःला 'मराघ' म्हणवून घेत, आणि हा मराघ म्हणजे आपला 'महाराज'च असं मानलं जातं. १८४५ पासून भारतातून उसाच्या मळ्यांवर मजूर नेले गेले, त्यांच्या बोलीतून तो शब्द तिकडे पोचला. गांजा हा शब्दही त्याच बोटीतून गेला.

रंगांचे अर्थ रास्ता मंडळी साधारण असे सांगतात: लाल म्हणजे सांडलेलं रक्त, सोनेरी म्हणजे आफ्रिकेची संपत्ती, हिरवा म्हणजे तिथली भूमी. आणि काळा म्हणजे माणसं. हे शेवटचं मला चित्राच्या दृष्टीने फार उपयोगी पडलं. आपली रेघ काळीच असते. म्हणजे माणूस रेघेनेच काढून झाला, त्याचे हातपाय रंगवायची गरज नाही.

सामान

जाड कागद घ्या. वहीच्या कागदावर स्केचपेन मागच्या पानावर उतरतो. एचबी पेन्सिल, खोडरबर, एक काळा पेन आणि तीन स्केचपेन एवढं पुरे. पट्टी दप्तरातच राहू द्या.

काळा पेन पाण्याने न पसरणारा हवा. हे आधीच तपासा: एक रेघ ओढा, दोन मिनिटं थांबा, वरून पिवळा स्केचपेन फिरवा. रेघ धुरकटली आणि पिवळ्याचं टोक राखाडी झालं, तर तो पेन या कामाचा नाही.

पिवळा निवडताना लिंबाचा नको, पिकल्या हापूसचा हवा. हिरवा पोपटी नको, गर्द हवा. लाल निवडताना शेंदरीकडे झुकणारा टाळा, नाहीतर पिवळ्याशेजारी तो केशरीच दिसू लागतो.

आठ रेघा

'रास' ही सरदारकीची पदवी, आणि अम्हारिक भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ डोकं. चित्रात मात्र डोकं पहिलं काढायचं नाही. पहिली रेघ मणक्याची.

माप आधी ठरवून घ्या. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट असते. काडीमाणसाला पाचपट पुरते, कारण आपल्याला डोक्यावर बरंच काही चढवायचं आहे. डोकं दीड सेंटीमीटर धरलं तर माणूस साडेसात सेंटीमीटरचा. मणका सव्वादोन, पाय साडेतीन, उरलेलं पाव सेंटीमीटर मानेला.

१. पेन्सिलीने मणका ओढा. सरळ नाही, किंचित वळलेला, मिटत आलेल्या कंसासारखा.

२. वरच्या टोकाला खांद्यांची रेघ, दोन सेंटीमीटर. खालच्या टोकाला कंबरेची, एक सेंटीमीटर. या दोन रेघा एकमेकींना समांतर ठेवायच्या नाहीत. माणूस उजव्या पायावर भार देऊन उभा असेल तर उजवी कंबर वर जाते आणि उजवा खांदा खाली येतो. स्वतः उभे राहून बघा. बस स्टॉपवर वीस मिनिटं उभा असलेला कुठलाही माणूस असाच उभा असतो.

३. भार ज्या पायावर आहे तो पाय ओढा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा मानेच्या खळगीतून एक दोरा सोडलाय असं समजा. तो दोरा याच पायाच्या टाचेवर पडला पाहिजे. नाही पडला तर माणूस कलंडतो. का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी पडतंय हे कळतं.

४. दुसरा पाय मोकळा, गुडघ्यात वाकलेला, थोडा पुढे. हात दोन, कोपर कंबरेच्या पातळीला, पंजा मांडीच्या मध्यापर्यंत. एक हात खिशात घातला तर काम निम्मं होतं.

५. शेवटी डोक्याचा गोल. तो खांद्यांच्या बरोबर मध्यावर न बसवता जरा पुढे आणि जरा कललेला.

मणका, खांदा, कंबर, दोन पाय, दोन हात, डोकं. झाल्या आठ रेघा.

विठोबा विटेवर समचरण उभा आहे, ते त्याला शोभतं. आपल्या माणसाचे चरण सम असता कामा नयेत. रास्ता ढंग म्हणून जे काही डोळ्यांना जाणवतं ते पुष्कळसं या सैल उभं राहण्यात आहे. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका पानावर असे वीस काढा, प्रत्येकाला एका मिनिटाहून जास्त वेळ नको. पहिले पाच-सहा शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे दिसतील. दिसू देत.

नाचणारा माणूस

रेगे या जमैकन संगीतावर नाचणारा माणूस काढताना आपला हात सवयीने त्याला उडवतो. आपल्या डोक्यात लेझीम असते, गणपतीची मिरवणूक असते. तिथे अंग वर उसळतं. रेगेत ते खाली बसतं. कारण तालात आहे. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा मोठा ढोल रिकामी सोडतो आणि तिसरीवर पडतो. आपल्याकडे तालात 'खाली' असते तसंच, फक्त इथे चक्क समच खाली. पाय आपटायला जावं तर जमीन जरा उशिरा येते, आणि त्या उशिरात गुडघा मऊ पडतो.

कागदावर हे असं उतरवायचं. भाराचा पाय सरळ न ओढता गुडघ्यात मोडा, म्हणजे माणूस साडेसातऐवजी साडेसहा सेंटीमीटरचाच भरेल. दुसरा गुडघा वर, जवळजवळ कंबरेपर्यंत. धड थोडं पुढे झुकलेलं. वर आलेल्या गुडघ्याच्या उलट बाजूचं कोपर पुढे, मुठी सैल. या नाचाला तिकडे स्कँकिंग म्हणतात. जागच्या जागी सावकाश धावल्यासारखं दिसतं. पायाखाली एक आडवी रेघ जरूर ओढा, आणि भाराचं पाऊल त्या रेघेला टेकलेलंच ठेवा. पाऊल आणि रेघ यांत फट राहिली की माणूस पुन्हा लेझीम खेळायला लागला.

जटा

इथे घाई नको, कारण सगळ्यात जास्त घाण इथेच होते.

बहुतेक नवखे लोक शेवया काढतात: एकसारख्या जाडीच्या, एकसारख्या लांबीच्या, एकसारख्या नागमोडी. खऱ्या जटा पाहायच्या तर वडाच्या पारंब्या आठवा. कुठे जाड, कुठे बारीक. दोन मधेच एकमेकींना चिकटलेल्या. टोकं अणकुचीदार नाहीत, बोथट. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

सात ते नऊ जटा पुरतात. प्रत्येक जट दोनदा गिरवा, आणि दुसऱ्यांदा गिरवताना हात मुद्दाम थोडा चुकू द्या; म्हणजे जाडी आपोआप कमी-जास्त होते. त्यांचे तीन झुबके करा: एक खांद्यापुढे, दोन पाठीवर. एखादी जट बाकीच्यांपेक्षा बरीच आखूड ठेवा. मुळाशी ती टाळूपासून किंचित वर उठते आणि मग खाली वळते; तो छोटासा उठाव नसेल तर केस ओले दिसतात.

नाचणाऱ्या माणसाच्या जटा शरीरामागे राहतात. फेटा बांधलेला माणूस मान गर्रकन वळवतो तेव्हा शेमला क्षणभर जुन्याच दिशेला असतो, तसंच. मान डावीकडे वळली तर जटा उजवीकडे. अंग खाली बसलं तर जटा वर. फक्त ही एक गोष्ट नीट केली तर चेहरा काढावाच लागत नाही. मी चेहरा कोराच ठेवतो. फार तर हनुवटीखाली दाढीच्या तीन आखूड रेघा.

जटा ही तिथे केसांची फॅशन नव्हे. बायबलच्या 'गणना' पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात व्रतस्थाने डोक्याला वस्तरा लावू नये असं सांगितलंय, त्याचा तो आधार आहे. आणि एप्रिल १९६३ मध्ये जमैकात कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसाचारानंतर पोलिसांनी रास्तांची धरपकड केली, तेव्हा कित्येकांच्या जटा जबरदस्तीने कापल्या गेल्या. सरकारने त्याची माफी मागितली ती २०१७ साली. हे वाचल्यापासून मी विनोदी चित्रातही डोक्यावर झाडूचे केस काढत नाही.

टोपी, फेटा, घागरा

विणलेली मोठी टोपी म्हणजे टॅम. ती डोक्यावर वाडगा पालथा घातल्यासारखी काढली जाते, ते चूक. टॅमच्या आत जटा भरलेल्या असतात, म्हणून ती मागे आणि वर फुगते. अर्धी भरलेली कापडी पिशवी कपाळाला बांधली तर कशी लोंबेल, तसा आकार. कपाळावर दोन वक्र रेघांची पट्टी. त्यामागे जवळजवळ डोक्याएवढाच फुगवटा, किंचित खाली ओघळलेला. टॅम घातली तर जटा बाहेर दोन-तीनच दाखवा. आत एवढं भरलंय तर बाहेर येणार कुठून?

सगळे रास्ता टॅम घालत नाहीत. बोबो अशांती शाखेचे पुरुष जटा घट्ट फेट्यात गुंडाळतात आणि पायघोळ झगा घालतात. ते झाडू तयार करून विकतात. झाडू त्यांच्याकडे स्वच्छतेची खूण आहे. हातात खराटा म्हटल्यावर आपल्याला गाडगेबाबाच दिसणार, तेव्हा फेटा उंच आणि झगा लांब ठेवा, नाहीतर बघणारा हात जोडेल. काढायला ही सगळ्यात सोपी आकृती: कंबरेच्या रेघेऐवजी खांद्यापासून घोट्यापर्यंत एक लांबट त्रिकोण.

बाईची आकृती काढताना कंबरेपासून घोट्यापर्यंत त्रिकोणी घागरा, डोक्याला वर बांधलेलं कापड. खांदा-कंबरेचा कल मात्र तोच ठेवा. घागऱ्याखाली पाय दिसत नसले तरी ते पेन्सिलीने काढायचेच आणि मग खोडायचे. न काढता नुसता त्रिकोण काढला की ती बाई घंटा होते.

ढोल वाजवणारे तिघे

एकट्या माणसाला कंटाळलात की हे तिघे काढा. न्याबिंगी, म्हणजे रास्तांच्या प्रार्थनेच्या मेळाव्यांत तीन ढोल असतात. सगळ्यात मोठा बास, तो कापडी गोळा लावलेल्या काठीने वाजवतात. मधला फुंडे, तो हृदयाच्या ठोक्यासारखा एकसारखा चालतो. लहान आणि उंच आवाजाचा रिपीटर, तो वरून खेळतो.

तिघेही बसलेले. मांडी म्हणजे एक आडवी रेघ, पोटरी म्हणजे एक उभी. फुंडे आणि रिपीटर गुडघ्यांमध्ये उभे धरा. लांबट चौकोन, वरच्या बाजूला लंबगोल. फुंडेवाल्याचे दोन्ही हात ढोलावर, मणका ताठ. रिपीटरवाल्याचे हात हवेत, बोटं पसरलेली, डोकं मागे. बासवाल्याचा एक हात काठीसकट खांद्यावर उचललेला. तिघांचे मणके तीन वेगळ्या दिशांना वळले की आवाज ऐकू यायला लागतो.

मागे काही हवंच असेल तर नारळाची झाडं आणि सूर्यास्त नको, ते टी-शर्टवर भरपूर आहेत. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊनसारख्या वस्त्यांतली पत्र्याची कुंपणं काढा. उभ्या समांतर रेघा, वरची कड वाकडीतिकडी, दोन-तीन पत्रे झुकलेले. किंवा एकावर एक रचलेले स्पीकरचे खोके: चौकोनात गोल, पुन्हा चौकोनात गोल. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती काढायची सवय असेल तर हे हातचं काम आहे.

आता रंग

पेनाने गिरवा, शाई वाळू द्या, पेन्सिल खोडा. मग नियम एकच: रंग एकाच जागी. टॅमला दिले तर कपड्यांना नाही. ढोलाच्या पट्टीला दिले तर टॅम काळी-पांढरी. आठ रेघांच्या माणसाला टोपी, सदरा, पट्टा, बूट सगळीकडे तिरंगी पट्टे दिले की रेघ मरते आणि राहतो फक्त झेंडा.

पिवळा आधी भरा, मधल्या पट्ट्यात. मग हिरवा, शेवटी लाल. गडद रंगाशेजारी नंतर पिवळा नेला तर त्याचं टोक मळतं आणि तो पेन कायमचा गढूळ होतो. पट्ट्यांमध्ये केसाएवढी पांढरी फट सोडा. लाल आणि हिरवा ओले असताना भिडले तर शेणासारखा तपकिरी होतो. पिवळा मधे असण्याचा हाही एक फायदा. वर लाल की वर हिरवा यावर अडू नका. इथिओपियाच्या झेंड्यात हिरवा वर आहे, रास्ता वस्तूंवर लाल वर असलेलेही भरपूर दिसतात. पिवळा मधे राहिला म्हणजे झालं. टॅमवरचे पट्टे सरळ नकोत, कपाळपट्टीला समांतर वळवा, तरच फुगवटा दिसतो.

आणि ती तोंडातली विडी. गोव्यातल्या बीचवर मिळणाऱ्या प्रत्येक रास्ता चित्रात ती असतेच. गांजा हा त्यांच्यात प्रार्थनेचा भाग आहे हे खरं, पण आपल्याला माणसात काही सुचलं नाही म्हणून धूर काढला जातो, हेही तितकंच खरं. मी स्वतः पहिली दहा चित्रं धुराने भरून काढली आहेत. धुराच्या मागे वाकडा खांदा छान लपतो.

तक्ता आम्ही पुन्हा केला. झेंडा या वेळी बिनलालीचा. खाली मी तीन ढोलवाले आणि पत्र्याचं कुंपण काढून दिलं, रंग भाचीने भरले. तिने फक्त रिपीटरला तीन पट्टे दिले होते, बाकी दोन ढोल कोरे. फार नेमकं दिसत होतं. मी जरा अभिमानानेच विचारलं, हे तुला कसं सुचलं? म्हणाली, "मामा, लाल संपला."